खाड्यांची वही आणि क्रॉनटॅब

होस्टेलवर राहणाऱ्यांना 'खाडा' म्हणजे काय ते सांगायला नको. डे-स्कॉलर मंडळींसाठी सांगते. घरी जायचं असलं की मेसमध्ये आधी नाव द्यायचं, म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे महिन्याच्या बिलातून वजा होतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ज्या मुलीच्या घरी कापूस विकला गेला की मगच फीचा विचार होतो, तिच्यासाठी एकवीस दिवसांचे खाडे म्हणजे किरकोळ रक्कम नव्हे. हा लेख त्या एकवीस दिवसांबद्दल आहे आणि ते माझ्यामुळे कसे बुडता बुडता वाचले त्याबद्दल आहे. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी कृपया लगेच पान उलटू नये!

तर झालं असं, की सेकंड इयरला असताना माझ्या अंगात उत्साह संचारला होता. मेसच्या मावशी खाडे एका लांबट वहीत लिहायच्या. महिनाअखेरीला बेरजा, मग वाद, मग पुन्हा बेरजा. मी म्हटलं, एकविसाव्या शतकात हे काय चाललंय? एक जुना पीसी मिळवला, त्यावर लिनक्स टाकलं, छोटासा फॉर्म बनवला. मुलींनी मोबाइलवरून खाडा टाकायचा, बिल आपोआप तयार. सगळ्यांनी कौतुक केलं. रेक्टर मॅडमनी गॅदरिंगमध्ये गुलाबाचं फूलसुद्धा दिलं. आणि मी काही अगदीच कच्ची नव्हते. डिस्क कधीतरी जाणार हे मला माहीत होतं. म्हणून रोज रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी सगळ्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर जाईल अशी सोय केली. क्रॉनटॅबमध्ये एक ओळ लिहिली : '१० ० * * *' आणि पुढे स्क्रिप्टचं नाव. झालं! त्यानंतर चार महिने मी शांत झोपले.

मग एका सकाळी पीसी सुरूच होईना. डिस्क गेली होती. मी अगदी आत्मविश्वासाने दुसरी डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली. फोल्डरमध्ये ११९ फाइली होत्या. प्रत्येक रात्रीची एक, नावात तारीख, एकही दिवस चुकलेला नाही. माझा जीव भांड्यात पडला. शेवटची फाइल उघडली. रिकामी. आदल्या दिवशीची, तीही रिकामी. ११९ फाइली आणि एकूण आकार शून्य. जीव ज्या भांड्यात पडला होता त्या भांड्याला बूडच नव्हतं.

कारण शोधायला दहा मिनिटं लागली आणि ते कारण इतकं साधं होतं की अजून लाज वाटते. आपण स्वतः टर्मिनलसमोर बसून कमांड देतो तेव्हा शेल आपल्या सेटिंगच्या फाइली वाचतं, कुठला प्रोग्राम कुठल्या फोल्डरमध्ये शोधायचा ते त्याला माहीत असतं. क्रॉन तेच काम करतो तेव्हा या सेटिंग वाचल्या जात नाहीत. त्याचा 'पाथ' अगदी तोकडा, दोन-तीन फोल्डरांचा असतो. डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्राम माझ्या मशीनवर त्या फोल्डरांबाहेर होता. त्यामुळे मी हाताने चालवून पाहिली तेव्हा स्क्रिप्ट उत्तम चालली आणि रात्री क्रॉनने चालवली तेव्हा तिला प्रोग्राम सापडलाच नाही. पण 'याचं उत्तर अमुक फाइलमध्ये टाक' असं लिहिलेलं असलं की शेल आधी ती फाइल तयार करून ठेवतं आणि मग प्रोग्राम शोधायला जातं. म्हणून फाइल रोज बनली, तारखेसकट बनली, फक्त आत काही आलं नाही.

आणि क्रॉनने मला सांगितलं नव्हतं का? सांगितलं असतं. एखाद्या कामाने काही संदेश छापला, तर तो त्या वापरकर्त्याला मेल करायचा अशी क्रॉनची जुनी पद्धत आहे. पण कुणाच्या तरी नोट्समधून उतरवून मी ओळीच्या शेवटी ती प्रसिद्ध शेपटी जोडली होती, सगळे संदेश आणि सगळ्या तक्रारी कचऱ्यात टाकणारी. 'उगाच मेल येत राहतात' म्हणून. म्हणजे ११९ रात्री मशीन ओरडत होतं आणि त्याच्या तोंडावर हात मी ठेवला होता.

आता त्या मुलीचं सांगते. घरी आजारपण होतं म्हणून ती एकवीस दिवस गावी होती. नोंद फक्त त्या पीसीवर. बिल निघायला चार दिवस बाकी. मी तिच्या खोलीवर गेले आणि खरं काय ते सांगितलं. ती काही बोलली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं.

वाचवलं ते मावशींनी. मी मान खाली घालून स्वयंपाकघरात गेले, तेव्हा त्यांनी पिठाच्या डब्याच्या वरच्या फळीवरून तीच लांबट वही काढली. माझं सॉफ्टवेअर आल्यावरही त्यांनी वही बंद केलीच नव्हती. रोज रात्री भांडी झाल्यावर कोण जेवलं, कोण नाही याच्या फुल्या त्या मारत होत्या. म्हणाल्या, "अगं बाई, तुझं मशीन चांगलंच आहे. पण मला सकाळी कणिक किती मळायची ते कळाया पाहिजे ना!" दोन रात्री बसून आम्ही वहीवरून सगळे खाडे पुन्हा भरले. एकवीसच्या एकवीस फुल्या त्यात होत्या.

हा प्रसंग सांगितला की मित्रमंडळी दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. एक, 'कॉम्प्युटरपेक्षा वही बरी.' दोन, 'पाथ पूर्ण लिहायला हवा होता.' दुसरा निष्कर्ष बरोबर आहे पण अपुरा. पहिला तर साफ चुकीचा आहे असं माझं मत आहे. माझं म्हणणं वेगळंच आहे, आणि त्यासाठी क्रॉन म्हणजे काय ते थोडक्यात सांगावं लागेल.

क्रॉन ही युनिक्समधली जुनी, साधी आणि फार उपयोगी गोष्ट आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये तो होता. आज बऱ्याच लिनक्स मशीनवर त्याचं जे रूप दिसतं, ते पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या प्रोग्रामपासून आलेलं आहे. नाव काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. काम एवढंच : दर मिनिटाला जागं व्हायचं, तक्ता पाहायचा, या मिनिटाला काही करायचं असेल तर करायचं, नाहीतर पुन्हा झोपायचं. तक्त्यात पाच रकाने : मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना, वार. फुलीसारखी चांदणी असली की 'कुठलाही चालेल'. बस्स.

हा साधेपणाच त्याचं बळ आहे आणि तीच त्याची मर्यादासुद्धा. आपल्या शहराचंच उदाहरण घ्या. गेल्या काही वर्षांत छत्रपती संभाजीनगरने आठ-आठ दिवसांनी येणारं नळाचं पाणी पाहिलेलं आहे. समजा, 'दर आठ दिवसांनी पाणी सोड' हे क्रॉनमध्ये लिहायचं आहे. पोरं पटकन तारखेच्या रकान्यात '*/८' लिहितील. पण त्याचा अर्थ 'दर आठ दिवसांनी' असा होतच नाही! त्याचा अर्थ १, ९, १७ आणि २५ तारीख. त्यानंतर महिना संपला की पुन्हा १ तारीख. म्हणजे २५ नंतर कधी सात दिवसांनी, कधी सहा दिवसांनी आणि २८ दिवसांच्या फेब्रुवारीत तर चारच दिवसांनी पाणी! नागरिक खूश होतील, पण जे सांगायचं होतं ते हे नव्हे.

दुसरी गंमत. जायकवाडीहून पाणी उचलून फारोळ्याला शुद्ध होऊन शहरात येतं. वाटेत वीज गेली किंवा पाइप फुटला की त्या दिवशीचा भाग राहतो आणि पुढचं सगळं वेळापत्रक एक दिवस पुढे सरकतं. आपण चरफडतो, पण निदान राहिलेला भाग विसरला जात नाही. क्रॉन विसरतो. बारा वाजून दहा मिनिटांनी मशीन बंद असेल तर त्या रात्रीचं काम गेलं. सकाळी मशीन सुरू झाल्यावर 'काल राहिलं होतं, आता करू' असं त्याच्या मनात येत नाही, कारण त्याला 'काल' माहीतच नसतो. त्यासाठी ॲनाक्रॉन नावाचं वेगळं साधन आहे, ते शेवटचं काम कधी झालं याची तारीख लिहून ठेवतं. नव्या लिनक्समधल्या सिस्टिम-डीच्या टायमरमध्येही राहिलेलं काम भरून काढायची सोय आहे. होस्टेलच्या पीसीचं बटण रात्री कुणीही बंद करतं हे माहीत असताना मी साधा क्रॉन वापरला, हीसुद्धा माझीच चूक.

मावशींचा उपासाचा हिशेब तर क्रॉनला कधीच जमणार नाही. गुरुवारची खिचडी जमेल, कारण तो वार आहे. पण संकष्टी? ती तिथीवर चालते, दर महिन्याला वेगळ्या तारखेला आणि वेगळ्या वारी. पाच रकान्यांत ती बसत नाही. मावशी भिंतीवरचं कॅलेंडर पाहून आदल्या रात्री साबुदाणा भिजवतात.

आणि घड्याळ कुणाचं, हा प्रश्न तर आपल्या देशात हमखास फसवतो. भाड्याने घेतलेले सर्व्हर बऱ्याचदा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असतात. आपण त्यांच्यापुढे साडेपाच तास. 'रात्री अडीच वाजता, कुणी नसताना' म्हणून लावलेलं जड काम प्रत्यक्षात आपल्याकडे सकाळी आठ वाजता सुरू होतं, नेमकं सगळे लॉगिन करायच्या वेळेला.

हे सगळे खाचखळगे शिकून घेता येतात. मॅन्युअल वाचलं की कळतात. पण माझा मुद्दा त्यांच्या पलीकडचा आहे.

आपल्या शहरातली पाणचक्की सगळ्यांनी पाहिलेली आहे, निदान पाहुणे आल्यावर तरी. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी खापरी नळांतून आणलेलं आहे. त्या पाण्याच्या जोराने खालचं चाक फिरायचं आणि वरचं जातं धान्य दळायचं. फकीर आणि प्रवासी यांच्यासाठी पीठ त्यावर निघायचं. ना बैल, ना माणूस. त्या काळातलं हे अस्सल 'ऑटोमेशन'. पण विचार करा, त्या जात्यात धान्य टाकायला कुणी विसरलं तर काय होईल? जातं थांबणार नाही. पाणी पडत राहील, दगड फिरत राहील, आवाज तसाच येत राहील. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, छान दळण चाललंय! माझ्या ११९ फाइली म्हणजे हेच रिकामं जातं होतं. मी अधूनमधून फोल्डरची यादी पाहायचे, तारखा बरोबर दिसायच्या आणि समाधानाने यादी बंद करायचे. फिरतंय ना, मग झालं. पीठ पडतंय का ते एकदाही पाहिलं नाही.

हे फक्त माझ्यासारख्या शिकाऊ मुलीचं होतं असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या जगप्रसिद्ध कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चुकून मुख्य सर्व्हरवरचा डेटा उडाला. सुमारे ३०० जीबी. मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा बॅकअप घेणारं काम क्रॉनने ठरल्या वेळी चालत होतं. पण बॅकअपचा प्रोग्राम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे तो दर वेळी नापास होत होता. बरं, नापास झाल्याचे मेल तरी यावेत? ते मेल प्रमाणित नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. म्हणजे मशीन ओरडत होतं, पण आवाज पोचत नव्हता. शेवटी त्यांना कशाने वाचवलं? घटनेच्या सुमारे सहा तास आधी एका इंजिनिअरने वेगळ्याच कामासाठी स्वतः हाताने एक प्रत काढून ठेवली होती, तिने! मधल्या सहा तासांतलं बरंच काही गेलं ते गेलंच. हे सगळं कंपनीने स्वतःच जाहीरपणे लिहून ठेवलं, याचं मला फार कौतुक वाटतं. ते वाचताना मला पिठाच्या डब्यावरची वही आठवली.

तर माझं मत असं. काम आपोआप करावं, जरूर करावं. रोज रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी उठून प्रत काढायला मी काही साधू नाही. चौथ्या दिवशी मी झोपून राहीन, आणि सबमिशनच्या आठवड्यात तर नक्कीच. मशीन तिथे माणसापेक्षा हजारपट भरवशाचं. पण काम मशीनकडे दिलं म्हणजे जबाबदारी मशीनकडे गेली, हे खोटं आहे. ती आपल्याकडेच असते, फक्त आपल्याला दिसेनाशी होते. मावशी फुली मारतात तेव्हा त्या नुसती नोंद करत नाहीत. तीन दिवस एखादी मुलगी जेवायला आली नाही आणि खाडाही नाही, तर त्या विचारतात, "ती आजारी आहे का गं?" क्रॉन असं विचारत नाही. विचारणारं माणूस आपल्याला वेगळं नेमावं लागतं, आणि तेच नेमायचं आपण विसरतो.

आणि इथे मला आपल्या सगळ्यांविरुद्ध, माझ्यासकट, थोडी तक्रार करायची आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला आपण शेड्युलिंग म्हणून राउंड रॉबिन आणि शॉर्टेस्ट जॉब फर्स्टचे गँट चार्ट काढतो, सरासरी वेटिंग टाइम दोन दशांश स्थळांपर्यंत काढतो. छान मार्क पडतात. पण नोकरीत पहिल्याच आठवड्यात ज्याच्याशी गाठ पडते ते हे दुसरं शेड्युलिंग, रोज रात्रीचं, आपल्याला सीनियरच्या नोट्समधून उतरवावं लागतं, शेपटीसकट! आणि तो सीनियर पास होऊन गेला की त्याच्या अकाउंटवर लावलेली कामं अनाथ होतात. कुणी 'जुनी अकाउंटं साफ करा' म्हणून ते अकाउंट काढलं की कामं गुपचूप बंद पडतात. कधी बंद पडली हे ज्या दिवशी गरज लागते त्या दिवशी कळतं.

म्हणून चार साध्या सूचना करते. सर आणि मॅडमनी रागावू नये.

एक : ज्या मशीनवर काही आपोआप चालतं, त्याच्या शेजारी भिंतीवर एक कागद असावा. काय चालतं, कधी चालतं, कुणी लावलं आणि बंद पडलं तर कुणाला सांगायचं. लॅबमध्ये डेड स्टॉक रजिस्टर असतं ना, तसंच हे. खुर्च्यांची नोंद ठेवतो, मग कामांची का नको?

दोन : फायनल इयरने 'नो ड्यूज'वर सही घेताना आपली क्रॉनटॅब ज्युनियरच्या हाती सोपवावी. लायब्ररीचं पुस्तक परत करतो, तसं.

तीन : 'काही बिघडलं तर मेल येईल' यावर विसंबू नये. उलट करावं. काम नीट झालं तर रोज सकाळी एक ओळ यावी, 'प्रत झाली, आकार एवढा'. आणि ती ओळ आली नाही तर दुसऱ्या मशीनने बोंब मारावी. गप्प बसणं म्हणजे ठीक असणं नव्हे, हे होस्टेलवर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं का?

चार, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं : सेमिस्टरमधून एकदा, ठरवलेल्या दिवशी, बॅकअपमधून सगळं पुन्हा उभं करून पाहावं. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिला बॅकअप म्हणू नये.

यात खर्च काही नाही. एक कागद, एक सही, एक मेसेज आणि सहा महिन्यांतून एक दुपार.

आता आमच्या मेसचं काय झालं ते सांगून थांबते. सॉफ्टवेअर पुन्हा चालू आहे. स्क्रिप्टमध्ये प्रोग्रामचा पूर्ण पत्ता आहे, शेपटी काढून टाकली आहे, राहिलेली रात्र सकाळी भरून निघते, आणि रोज सात वाजता माझ्या मोबाइलवर आकाराचा मेसेज येतो. पुढच्या वर्षी तो थर्ड इयरच्या एका मुलीच्या मोबाइलवर जाईल, तिला सगळं समजावून झालं आहे. भिंतीवर कागद आहे. बिल निघायच्या आदल्या दिवशी मी आणि मावशी समोरासमोर बसतो, मी आकडा वाचते आणि त्या वहीत बोट ठेवतात. मागच्या महिन्यात एक फरक निघाला. चूक वहीत होती! मावशींनी खोडरबर मागितलं आणि म्हणाल्या, "बघ, तुझं मशीनबी कामाचं आहे."

ती एकवीस दिवसांची मुलगी सध्या माझ्या शेजारच्या खोलीत असते. घरी जाताना ती अजूनही मोबाइलवर खाडा टाकते आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मावशींनाही सांगते. मी तिला एकदाही 'दोनदा कशाला?' असं विचारलेलं नाही.